रेघ आखणारे आणि निकाल देणारे

कबड्डीच्या मैदानात सगळ्यात वरचा निर्णय जो देतो त्याला मराठीत सरपंच म्हणतात आणि मैदानाच्या दोन बाजूंना उभे असतात त्यांना पंच. हे शब्द खेळाने घडवलेले नाहीत, ते गावकीतून उचलले आहेत. गावात तंटा झाला की पंच बसायचे आणि पंच बोलले की विषय संपायचा. ज्या समाजाला शेकडो वर्षं पंचांपुढे हात जोडून उभं राहायलाच मिळालं, त्या समाजाचा पोरगा मैदानात उतरून 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' असं लाऊडस्पीकरवर ऐकतो, तेव्हा त्याला ते वाक्य इतरांसारखंच ऐकू येत असेल का? आम्हाला वाटतं, नाही. आणि त्याचं कारण इतिहासात आहे, पोराच्या डोक्यात नाही.

पाटस, वरवंड, कुरकुंभ, दौंड, तिकडे भीमेपलीकडे शिरूरची गावं, या सगळ्या पट्ट्यात एप्रिलमध्ये जयंतीच्या निमित्ताने कबड्डीच्या आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात. सकाळी सुतळी ताणून, घमेल्यातून फक्की टाकत मैदान आखायचं काम कोण करतं आणि संध्याकाळी त्या फक्कीवर पाय पडला की नाही याचा निकाल कोण देतं, ही दोन वेगवेगळी माणसं असतात. आपण खेळाडूंचा इतिहास लिहितो. कोण जिंकलं, कोणाला डावललं, हे सांगतो. पण रेघ आखणारा आणि निकाल देणारा यांच्यामधल्या अंतराचा इतिहास आपण फारसा लिहिलेला नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात मैदानाच्या बाहेरून करावी लागेल, गावाच्या शिवेवरून. जुन्या गावगाड्यात महार वतनदाराच्या कामांची यादी आपल्याला पाठ आहे. निरोप पोचवणं, सरकारी वसूल ठाण्यावर नेणं, मेलेली जनावरं ओढणं, वेशीवर राखण करणं. या यादीत एक काम असं होतं ज्याकडे आपण घाईने पाहून पुढे जातो. गावाची शीव कुठून कुठे जाते हे महाराला ठाऊक असायचं आणि ते ठाऊक असणं हा त्याचा धर्म मानला जायचा. दोन गावांमध्ये शिवेचा वाद पेटला की महाराला पुढे बोलावलं जाई. त्याला शपथ घालून शीव चालून दाखवायला सांगत. तो चालेल ती शीव. पाटलाच्या जमिनीचा, सरकारच्या वसुलाचा, दोन गावांच्या अब्रूचा प्रश्न ज्याच्या पावलांवर ठरत होता, त्याचं स्वतःचं घर मात्र गावाच्या रेषेबाहेर होतं.

इथे नीट बोललं पाहिजे. मराठेशाहीतल्या निवाड्याच्या कागदांवर, ज्यांना महजर म्हणतात, बलुतेदारांच्या निशाण्या सापडतात आणि त्यांत कधी कधी महाराचीही असते. म्हणजे त्याला साक्षीला बसवत नव्हते असं नाही. पण साक्ष देणं वेगळं आणि निवाडा करणं वेगळं. निवाड्याची सूत्रं देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्या हातात होती. शिवेबद्दल ज्याचा शब्द प्रमाण, त्याचा स्वतःच्या पाण्याबद्दलचा, वाटेबद्दलचा, बलुत्याबद्दलचा शब्द प्रमाण नव्हता. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक आणलं ते या गुलामीवर घाव घालण्यासाठीच. वतन कायद्याने जायला 1958 साल उजाडावं लागलं. तीस वर्षं!

आता मैदानावर येऊ. पाटसपासून रेल्वेने किंवा सोलापूर रस्त्याने पुणं सुमारे साठ किलोमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्या पुण्याच्या लष्कर भागात एक तरुण गोऱ्यांच्या पूना क्लबात कामाला होता. बाळू पालवणकर. चांभार समाजातला. मूळ गाव रत्नागिरीकडचं पालवण, वडील लष्करी नोकरीतले. आधी एका पारशी क्लबात झाडलोट आणि रोलर फिरवायचं काम, पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास पूना क्लबात आले, तिथे चार रुपये. कामं कोणती? सरावाची जाळी लावणं, खेळपट्टीवर रोलर फिरवणं, तिच्यावर रेघा आखणं, मधूनमधून टेनिसची कोर्टं आखणं. म्हणजे भारताचा पहिला मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज आधी रेघा आखणारा होता. ज्या क्रीझच्या आत-बाहेर साहेबांची खेळी ठरायची, ती क्रीझ पांढऱ्या मातीने तो ओढायचा आणि बाजूला व्हायचा.

जे. जी. ग्रेग नावाचा गोरा फलंदाज त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावायचा आणि आपल्याला बाद केलं की आठ आणे द्यायचा, असं सांगतात. बाद झालो की नाही हे तिथे कोणाला विचारावं लागत नव्हतं. यष्ट्या उडाल्या की उडाल्या. पण फलंदाजीचा सराव बाळूंना त्या क्लबात मिळाला नाही. नोकराने चेंडू टाकायचा, बॅट हातात धरायची नाही, असा तो अलिखित नियम.

पुण्यातल्या हिंदूंना गोऱ्यांच्या क्लबाला हरवायचं होतं आणि हरवू शकणारा माणूस अस्पृश्य होता. पुण्याच्या ब्राह्मण खेळाडूंमध्ये यावरून बराच खल झाला. शेवटी घेतलं. का घेतलं? समतेसाठी नाही, विकेटसाठी. मैदानात एकच चेंडू सगळ्यांच्या हातात फिरत होता, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या सुट्टीत बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळू बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या मेजावर. सीमारेषेच्या आत माणूस आणि सीमारेषेच्या बाहेर अस्पृश्य. मैदानाची सीमारेषा चौकार मोजण्यासाठी असते असं क्रिकेटचं पुस्तक सांगतं. पुण्यात ती आणखी एक गोष्ट मोजत होती.

आमचे काही मित्र या गोष्टीतून असा निष्कर्ष काढतात की खेळात जात नसते, ती बाहेर असते. हे अर्धसत्य आहे आणि घातक आहे. खेळात दोन प्रकारचे निर्णय होतात. एक निर्णय सगळ्यांसमोर होतो. यष्टी पडली, झेल घेतला, फलंदाज क्रीझबाहेर राहिला. हजार डोळे बघत असतात, धावफलकावर आकडा लागतो. दुसरा निर्णय खोलीत होतो. संघात कोण, कर्णधार कोण, पंच कोण, सामना कुठे. पहिल्या प्रकारच्या निर्णयांत बाळूंनी काय केलं ते आकड्यांत आहे. फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही होते. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. संघाची दाणादाण उडाली, पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांत 179 बळी, सरासरी पंधराच्या आसपास. हे आकडे कोणत्याही कमिटीला खोडता आले नाहीत.

खोलीतल्या निर्णयांत काय झालं? सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत यशस्वी खेळाडू असूनही हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना मिळालं नाही. वर्षानुवर्षं मिळालं नाही. खुद्द कर्णधार एम. डी. पै यांनीच एका सत्कारात हा मान खरं तर बाळूंचा आहे असं बोलून दाखवलं, तरीही नाही. 1920 च्या चौरंगी सामन्यांत तर त्यांना संघातूनच वगळलं. तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि त्यांनी जाहीर पत्रक काढून सांगितलं की हा जातीचा प्रश्न आहे. हिंदुस्थानी क्रीडा इतिहासातला हा बहिष्कार आपल्या शाळेच्या पुस्तकांत नाही. पत्रकाचा परिणाम झाला. बाळूंना परत घेतलं, उपकर्णधार केलं आणि अंतिम सामन्यात पै मैदानाबाहेर गेले तेव्हा नेतृत्व काही काळ बाळूंकडे आलं. कर्णधार बाहेर गेल्यावर मिळालेलं कर्णधारपद! 1923 मध्ये अखेर विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवलं. भावांच्या संघर्षाला फळ आलं, पण थोरल्या भावाची कारकीर्द तोवर संपली होती.

याच चौरंगी सामन्यांची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण आमच्या मुद्द्याला ती फार जवळची आहे. सुरुवातीला या सामन्यांत पंच गोरे असायचे. 1917 च्या सुमारास पद्धत बदलली. ज्या दोन समाजांचे संघ खेळत असतील, त्या दोघांतला कोणी पंच नको, तिसऱ्या समाजातला हवा. हिंदू-मुसलमान सामना असेल तर पारशी किंवा युरोपियन. तटस्थ पंच. आंतरराष्ट्रीय क्रिकेटला ही साधी गोष्ट समजायला 1986 उजाडलं. तेव्हा पाकिस्तानने वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीत व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर या दोन भारतीय पंचांना उभं केलं. आयसीसीने प्रत्येक कसोटीत एक तटस्थ पंच सक्तीचा केला तो 1994 मध्ये.

मुंबईच्या जिमखान्यांना 1917 मध्ये कळलं होतं की हिंदूला पारशी पंचावर विश्वास ठेवायचा तर तो पंच सामन्यातल्या पक्षांपैकी नसावा लागतो. ठीक. मग हाच न्याय हिंदू संघाच्या आत का लागू झाला नाही? निवड समितीत सगळे एका बाजूचे आणि ज्याचा निकाल लागायचा तो दुसऱ्या बाजूचा. धर्माची रेघ दिसली, तिच्यासाठी तटस्थ पंच नेमला. जातीची रेघ दिसत असूनही तिच्यावर पंच नेमला गेला नाही. हिंदू समाज हा एकच पक्ष आहे असं गृहीत धरलं गेलं.

इथून राजकारणात जायला फार चालावं लागत नाही. 1932 मध्ये नेमका हाच प्रश्न देशापुढे होता. आपला प्रतिनिधी कोणी निवडायचा? जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिला होता, म्हणजे आपला कर्णधार आपण निवडणार. गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले. 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत 148 राखीव जागा मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाला. आपण चार जणांचं पॅनेल निवडायचं, त्यातला शेवटचा एक सगळ्यांनी मिळून निवडायचा. सगळ्यांनी मिळून, म्हणजे ज्यांची मतं जास्त त्यांनी. पुढे बाबासाहेबांनी या पद्धतीवर जी टीका केली तिचा गाभा हाच होता की आपल्या माणसांना नको असलेला, पण बहुसंख्यांना सोयीचा माणूस आपला प्रतिनिधी म्हणून निवडून येऊ शकतो.

आणि या करारावर सही करणाऱ्यांत एक नाव आहे पी. बाळू. आपले पालवणकर बाळू. खोलीतल्या निवडीने ज्यांचा सर्वांत जास्त घात केला, त्यांनी त्या वेळी संयुक्त मतदारसंघाच्या, गांधीजींच्या बाजूने वजन टाकलं. 1937 मध्ये तर काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. काँग्रेसला बाबासाहेबांना पाडायचं होतं आणि त्यासाठी तिला अस्पृश्य समाजातलंच सर्वांत लोकप्रिय नाव हवं होतं. पुण्याच्या हिंदू संघाने तीस-चाळीस वर्षांपूर्वी जे केलं होतं त्याची ही दुसरी आवृत्ती. गोलंदाजी करायला बाळू, निर्णय घ्यायला दुसरेच.

यावरून आमच्या चळवळीतले काही कार्यकर्ते बाळूंचं नाव घ्यायलाही तयार नसतात. बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला, विषय संपला. आमचं मत वेगळं आहे. त्यांची राजकीय निवड चुकीची होती, हे स्पष्ट म्हणायला हवं. पण एखाद्याच्या 1937 च्या उमेदवारीमुळे त्याचा 1892 चा चार रुपयांचा पगार आणि 1920 चा अपमान आपला उरत नाही, असं होत नाही. त्यांना सोडून दिलं तर त्यांना उचलायला दुसरे तयारच बसलेत. ते त्यांचा समरसतेचा पुतळा करतील, मातीचं भांडं गाळतील आणि फक्त हारतुरे ठेवतील. 4 जुलै 1955 रोजी बाळू गेले. त्यांची गोष्ट आपण आपल्या तोंडाने सांगायला हवी, पूर्ण, उमेदवारीसकट.

कोणी म्हणेल, पंचांचे अन्याय काय फक्त जातीवरून होतात? नाहीत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. 1952 च्या ऑलिंपिक निवडीत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन डावललं, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, कुस्ती पुन्हा झाली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला आस्मान दाखवलं. मग हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेली झुंज संपल्याबरोबर त्यांना सोव्हिएत मल्लाविरुद्ध उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती. पण तो नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर थांबले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नियम छापलेला होता, माणूस टेबलाशी नव्हता. खाशाबा अस्पृश्य समाजातले नव्हते, म्हणूनच हे उदाहरण आम्ही मुद्दाम देतो. टेबलाशी आपलं कोणी नसेल तर काय होतं, हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं, मग तो कोणत्याही जातीचा असो. काही समाजांवर ते एका दिवशी आलं, काहींवर पिढ्यान्‌पिढ्या.

अमेरिकेत पाहा. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये विसाव्या शतकातला पहिला काळा खेळाडू, जॅकी रॉबिन्सन, 1947 मध्ये उतरला. त्याच लीगमध्ये पहिला काळा पंच, एमेट ॲशफर्ड, उभा राहिला 1966 मध्ये. मधली एकोणीस वर्षं काय सांगतात? काळ्या माणसाने धावलेलं, फेकलेलं, मारलेलं चालतं, त्यातून तिकिटं खपतात. काळ्या माणसाने गोऱ्याला 'तू बाद' म्हणणं गिळायला वेळ लागतो. शरीर आधी स्वीकारलं जातं, निर्णय सगळ्यात शेवटी.

आमच्याकडे तर ही एकोणीस वर्षं कोणी मोजलेलीच नाहीत. अनुसूचित जातींतले किती खेळाडू देशाकडून खेळले यावर निदान अधूनमधून वाद होतो. किती पंच झाले, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

देशी खेळांचे नियम लिहिले गेले तेव्हाही असंच झालं. हुतूतू, कबड्डी, खो-खो हे मातीतले खेळ, शेतकऱ्याच्या, बलुतेदाराच्या, गुराख्याच्या पोरांचे. त्यांचे नियम लेखी झाले ते जिमखान्यांत. खो-खोचे पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात 1914 मध्ये, हुतूतूचे सातारा आणि बडोद्याकडे, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने 1923 मध्ये ते छापून स्पर्धा भरवली. खेळणारे एकीकडचे, लिहिणारे दुसरीकडचे. तरीही आम्ही हे लिखाण वाईट मानत नाही. उलट. अलिखित रूढीने जितकं आपलं नुकसान केलं तितकं कोणत्याच पुस्तिकेने केलेलं नाही. मैदान 13 मीटर बाय 10 मीटर, मध्यरेषेपासून निदानरेषा 3.75 मीटर, तिथून एक मीटरवर बोनस रेषा. हे एकदा छापलं की पाटलाच्या पोरालाही तेवढंच आणि आपल्या पोरालाही तेवढंच. रेघ छापील असली की तिच्यावर बोट ठेवून भांडता येतं. बाबासाहेबांना घटनेत तपशील इतका का हवा होता, याचंही उत्तर हेच आहे. चांगुलपणावर सोपवलेलं आपल्यापर्यंत कधी पोचलेलं नाही.

घटनेचा विषय निघालाच आहे तर 15 जून 1949 चा दिवस आठवा. निवडणूक आयोगाच्या कलमावर संविधान सभेत बाबासाहेब बोलले. मूळ विचार असा होता की प्रांतांच्या निवडणुकांसाठी प्रांतांनीच यंत्रणा नेमावी. त्यांनी तो बदलून एकच केंद्रीय, स्वतंत्र आयोग सुचवला. कारण त्यांच्यापर्यंत तक्रारी येत होत्या की काही प्रांतांत वंशाने, भाषेने किंवा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांची नावं मतदार यादीतून बाहेर ठेवण्याच्या सूचना अधिकाऱ्यांना दिल्या जात आहेत. सामना खेळणाऱ्याच्या हातात पंच नेमायचं काम राहता कामा नये, हा त्या कलमाचा अर्थ. आज ते कलम 324 आहे. आयुक्त कोणी नेमायचे यावरून आजही जो वाद चालतो, तो याच मुद्द्याचा आहे.

गेल्या वर्षांत आपल्या महाराष्ट्रात पंचाच्या निर्णयावरून सर्वांत मोठा गदारोळ झाला तो कुस्तीत. 2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या अंतिम लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळला चितपटीवर विजयी दिलं. शिवराज राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नव्हते. भांडण वाढलं आणि राक्षेने पंचाला लाथ मारली. त्याच संध्याकाळी किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड पंचांवर नाराज होऊन मॅट सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. दोन्ही मल्ल प्रस्थापित तालमींच्या परंपरेतले, आणि वाद जातीचा नव्हता. आम्ही तो इथे का आणतो? कारण आठवडाभर वाहिन्यांवर चर्चा झाली ती खांदा टेकला की नाही यावर. व्हिडिओ मागेपुढे करून दाखवला गेला. पंचांची नेमणूक कशी होते, दाद कोणाकडे मागायची, किती वेळात मागायची, यावर क्वचितच कोणी बोललं. आपल्या समाजाला रेघेकडे बघायची सवय आहे, ती आखणाऱ्या यंत्रणेकडे बघायची नाही.

लाथ मारणं चूकच. आणि आपल्या तरुणांनी तर हे जास्त नीट समजून घ्यायला हवं, कारण लाथ मारायची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. प्रस्थापित घरातल्या पोराने मारली तर तो तापट ठरतो. वस्तीतल्या पोराने नुसता आवाज चढवला तरी प्रकरण ठाण्यापर्यंत जातं आणि पुढच्या वर्षी त्याच्या संघाची नोंदणीच होत नाही. महाडचं उदाहरण आपल्यासमोर आहे. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलो. डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहाला हजारो लोक जमले असताना कोर्टाचा मनाई हुकूम आला. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, पण तळ्यावर जाणं थांबवलं आणि खटला लढवला. मार्च 1937 मध्ये मुंबई हायकोर्टात जिंकले. दहा वर्षं. पंचाचा एक निर्णय वरच्या पंचाकडे नेऊन फिरवायला दहा वर्षं. त्या जमावाला त्या दिवशी ते कमीपणाचं वाटलंही असेल. पण तळं सर्वांचं आहे हे कागदावर आलं ते त्यामुळे.

आता आपल्या पट्ट्यातली आजची अडचण. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये 'एक गाव एक संघ' हा नियम सगळीकडे लागलाय. बाहेरचे भाडोत्री खेळाडू नकोत, आधार कार्ड दाखवा, गावचा असाल तर खेळा. नियम ऐकायला गोड आहे. पण एका गावाचा एकच संघ म्हटल्यावर तो निवडणार कोण? गावठाणातलं मंडळ. वस्तीवरची अकरा पोरं वर्षभर एकत्र खेळतात, त्यांचा संघ नोंदवायला गेलं की सांगतात, तुमच्या गावाचा संघ आधीच आलाय. मग त्यांच्यातला एखादा वेगवान गोलंदाज गावाच्या संघात घेतला जातो, बाकी दहा जण सीमारेषेबाहेर उभे राहून टाळ्या वाजवतात. एक बाळू आत, बाकीचे बाहेर. यात कोणी कोणाला शिवी देत नाही, कोणी जात विचारत नाही. ॲट्रॉसिटीचं कलम लागत नाही. आणि तरीही जे व्हायचं ते होतं.

याला उत्तर म्हणून आपण आपली वेगळी स्पर्धा भरवतो. भरवावी. आमचा त्याला विरोध नाही. फक्त त्या स्पर्धांतही पंच बाहेरून मानधन देऊन आणावे लागतात, कारण आपल्याकडे परीक्षा पास झालेले पंच नाहीत. जयंतीच्या स्पर्धेत मैदान आपलं, वर्गणी आपली, संघ आपले आणि शिट्टी दुसऱ्याच्या तोंडात. डीजेवर जेवढा खर्च होतो त्याच्या एका कोपऱ्यात चार पोरांची फी बसते, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

कबड्डीच्या जिल्हा संघटना पंच परीक्षा घेतात. त्यासाठी नियमपुस्तिका लागते आणि मैदानावर उभं राहायचा सराव. आपल्या पोरांना त्यातलं अर्धं आधीच येतं. लॉबी कधी खेळात धरायची, झटापट झाल्यावर. बोनस कधी द्यायचा, समोर सहा किंवा जास्त बचावपटू असताना आणि मागचा पाय हवेत असताना. चढाई करणाऱ्याने निदानरेषा ओलांडली नाही आणि कोणाला स्पर्शही केला नाही तर तो बाद. रेघेच्या कडेला उकिडवं बसून ज्यांनी दहा-दहा वर्षं सामने पाहिले, त्यांना हे शिकवावं लागत नाही, फक्त लेखी द्यावं लागतं. दौंड, पाटस, शिरूर या तीन ठिकाणांहून यंदा प्रत्येकी पाच जणांनी अर्ज केला तर पंधरा होतात. त्यांत मुली असाव्यात, कारण मुलींच्या सामन्यांनाही पंच बहुतेक पुरुषच असतात. अर्जासाठी काय लागतं याची चौकशी जिल्हा संघटनेकडे आधी करून ठेवा. परीक्षा पावसाळ्यात लागली तर एस.टी.चं भाडं आणि राहायची सोय मंडळाने करावी, एवढा ठराव बैठकीत आधीच लिहून घ्या.